पत्र्याच्या डब्यातला दाखला

डवरणीचे, म्हणजे पिकात औत फिरवायचे दिवस, रानात वाफसा, आणि वामनराव अवचारांचे दोन्ही लेक सकाळी नऊ वाजता ओसरीवर मांडी घालून बसलेले. असं त्या घरात फार वेळा होत नाही. मागे झालं होतं ते विहिरीवरच्या मोटारीपायी, तेव्हा भाऊ भावाशी पंधरा दिवस बोलला नव्हता. त्यामुळे समोरच्या घरून दोनदा साखर मागायला माणूस येऊन गेलं. वच्छलाबाईंनी साखर दोन्ही वेळा दिली, बातमी काही दिली नाही.

भांडण म्हणावं तर नव्हतं. एक चिठ्ठी होती, शाळेतल्या धम्मशीला मॅडमनी काल दुर्वाच्या दप्तरातून पाठवलेली. पोरगी यंदा पाचवीत, हुशार, तिला शेगावच्या नवोदयच्या परीक्षेला बसवायचंच असं मॅडमनी मनावर घेतलं होतं. फॉर्म भरायला बसल्या आणि तिथंच गाडी अडली. आधार कार्डावर पोरीचं नाव दुर्वा शालिग्राम अवचार, शाळेच्या रजिस्टरात दुर्वा भागवत अवचार. रजिस्टर दुरुस्त करायचं तर जन्माचा दाखला हवा, आणि तो आजच हवा. कारण आज दुपारी पालकसभा आटोपली की मॅडम दुरुस्तीचे सगळे प्रस्ताव घेऊन संग्रामपूरला तालुक्याच्या कार्यालयात जाणार होत्या. पुढची खेप महिन्यानं, तोवर फॉर्मची तारीख निघून जाणार.

आणि दाखला तर चार वर्षांपूर्वीच हरवलेला.

कागदावरच्या एका नावात इतकं काय, असं ज्याला वाटेल त्यानं हे घर पाहिलेलं नाही. दुर्वा धाकट्या शालिग्रामची आणि जयमालेची. थोरल्या भागवतला आणि सुचिताला लेकरू नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, अकोल्याचे डॉक्टर झाले, उपासतापास झाले, गावभरचे सल्ले झाले, आणि मग दोघांनी तो विषयच घडी घालून ठेवून दिला. त्यानंतर या घरात दुर्वा आली. एकच लेकरू आणि दोन चुलींइतकी माया, मग काय विचारता.

पहिलीत नाव घालायच्या दिवशी जयमाला काविळीनं अंथरुणाला खिळलेली, शालिग्राम तिच्या औषधाच्या मागे. तेव्हा पोरीला घेऊन वामनराव गेले आणि बोट धरायला सुचिता गेली. त्या वेळचे गुरुजी आता बदलून गेले. त्यांनी विचारलं, वडिलांचं नाव? या घरातला ट्रॅक्टर भागवतच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर, रेशनकार्ड त्याच्या, विजेचं बिल त्याच्या. वामनराव सवयीनं म्हणाले, भागवत. आईचं नाव? म्हाताऱ्यानं एकदा सुनेकडं पाहिलं आणि म्हणाले, सुचिता. दाखला सापडत नाही म्हणून गुरुजींनी जन्मतारखेपुरतं अंगणवाडीच्या वहीवर भागवून घेतलं. घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. एकच चूल, एकच ओटा, पोरगी कोणाच्या का नावावर असेना, असं म्हणून सगळ्यांनी चहा घेतला.

हे सगळ्यांना माहीत होतं. सुचिताला माहीत होतं ते याहून थोडं जास्त.

दाखला हरवलाच नव्हता. आतल्या खोलीतल्या पेटीत, तिच्या लग्नातल्या शालूखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात तो पहिल्यापासून होता. त्या दिवशी सासऱ्यांनी मागितला तेव्हा तिनं डबा उघडला, दाखला पाहिला, डबा लावला आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. का सांगितलं ते तिला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. उद्या देऊ, असं मनाशी म्हणाली होती. त्या उद्याला चार वर्षं लागली, आणि आज तो ओसरीवर येऊन बसला होता.

एवढा मोठा चोरटेपणा तिनं जन्मात दुसरा केला नाही. पण शाळेनं तिला काय दिलं तेही सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. गावात ती भागवतची बायको, अवचारांची मोठी सून, आणि पाठीमागं आणखी काही. शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की ती दुर्वाची आई. मास्तर तसं म्हणायचे, पोरं तसं म्हणायची, बाया तसं म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ती घरी येऊन उगाच भांडी घासत बसली होती.

आणि नुसतं ऐकून घेऊन ती गप्प बसली नाही. पहिल्या पालकसभेला ती गेली तेव्हा सतरंजीवर तीन बाप्ये होते आणि एक कुत्रं. मॅडम नवीनच आलेल्या, सूचनेचा कागद दाखवून म्हणाल्या की सगळ्यांना कळवलं होतं हो. सुचितानं सांगितलं, कागदानं बाया येत नसतात, बोलावणं लागतं. पुढच्या सभेला ती कुंकवाचा करंडा घेऊन घरोघरी फिरली, हळदीकुंकवाचं बोलावणं करतात तसं. दारात आलेलं कुंकू परत पाठवायची कोणाची छाती नाही. तीस बाया आल्या. अमीरबीच्या दारात मात्र पंचाईत झाली. तिच्या नातीचे, महनूरचे आईबाप सुरतला कामाला, पोरगी आजीजवळ, म्हणजे सभेला अमीरबीच यायला हवी. कुंकू घेऊन सुचिता उभी आणि दोघी एकमेकींकडं पाहताहेत. शेवटी अमीरबीनंच आतून साखरेची वाटी आणली. म्हणाली, "हे ठेव माह्या हातावर. बोलावणं त बोलावणं आहे." तेव्हापासून सुचितानं कुंकू घरीच ठेवलं. साखर सगळ्यांना चालत होती, अमीरबीला आणि ज्यांच्या दारात कुंकू नेत नाहीत त्या बायांनाही.

मग एकातून एक निघत गेलं. पोरं जेवायच्या आधी खिचडी कुणा पालकानं चाखून वहीत सही करायची, असा नियमच आहे. आधी एक माणूस महिन्याच्या सह्या एकदम करून जायचा. आता प्रत्येक आईला वार नेमून दिला, सुचिताचा शुक्रवार. पोरींच्या संडासाला कडी नव्हती, ती बायांनी सरपंचाच्या दारात बसून लावून घेतली. शनिवारी आया शाळेत बसून पोरांचं वाचन ऐकू लागल्या. ज्यांना वाचता येत नाही त्या म्हणाल्या, आम्ही काय ऐकावं? सुचिता म्हणाली की पोरगं अडखळलं तर तुम्हाला ऐकू येतं ना, मग झालं. अशा चार वर्षांत शाळा गावाची झाली. दर दोन वर्षांनी शाळेची समिती नव्यानं नेमतात, ती आजच्या सभेत नेमायची होती, आणि यंदा अध्यक्ष सुचिताबाईच, असं बाया विहिरीवर बोलत होत्या.

रजिस्टरातलं नाव बदललं की मात्र ती दुर्वाची चुलती. आई असताना चुलतीचं शाळेत काय काम?

ओसरीवर भागवत बोलत होता. बोलायला तो मुळातच आवडीनं बोलतो, पण आज त्याचं बोलणं आडरानानं चाललं होतं. नवोदय म्हणजे वसतिगृह, दहा वर्षांचं लेकरू परक्या ठिकाणी ठेवायचं, तिथं तिला ताकातली भाजी कोण करून घालणार, आणि आपल्या गावची शाळा काय वाईट आहे. मुद्दे सगळे ठीक होते, पण दर वाक्याला तो चोरून बायकोकडं पाहत होता. त्याचं स्वतःचंही काही होतंच. स्वातंत्र्यदिनाला मायकवरून 'दुर्वा भागवत अवचार' असं नाव पुकारलं की हा गडी मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवायचा, आणि मग आजूबाजूला कोणी पाहिलं का ते पाहायचा.

शालिग्राम थोरल्यासमोर कधी तोंड उघडत नाही. तो फरशीवर नखानं रेघा ओढत बसला होता. मग म्हणाला की तो बीबीला जाऊन दुसरी प्रत काढून आणतो. दुर्वाचा जन्म बीबीचा, जयमालेच्या माहेरचा. पण बीबी पडलं लोणार तालुक्यात, जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. जाऊन येईपर्यंत दिवस मावळणार आणि मॅडम संग्रामपूरहून परतही येणार. वच्छलाबाईंनी थोरल्याची बाजू धरली. चार वर्षं कोणाचं काही अडलं नाही, आता कशाला उकरून काढता, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा उंबऱ्यात तूरडाळ निवडत बसलेली जयमाला मान वर न करता बोलली.

"नाव दुरुस्त झालं पाह्यजे."

सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नाही. वच्छलाबाई तिच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "तुले काय कमी केलं वं सुचितानं? पोरगी तळहातावर वाढवली."

"मी कधी नाई म्हनलं, आत्याबाई? कमी कायचंच नाई," जयमाला म्हणाली. "पन पोरीच्या कागदावर माहं नाव पाह्यजे."

सुचिताला ते लागलं. लागायचंच. पण तिला रागही धरता येईना, कारण मागच्या महिन्यातली एक गोष्ट अमीरबीनं तिच्या कानावर घातली होती. दुर्वा डबा विसरली म्हणून जयमाला शाळेत गेली. नवीन शिक्षिकेनं विचारलं, तुम्ही दुर्वाच्या कोण? ती उत्तर देईपर्यंत एक पोरगं मध्येच म्हणालं, मॅडम, तिची काकू आहे. जयमालेनं डबा दिला आणि परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट दुखतं म्हणाली होती, आणि सुचितानं तिला ओवा दिला होता. ओवा.

एवढ्यात दुर्वा आतून आली. दोन वेण्या, धुतलेला गणवेश, पाठीवर दप्तर. सगळे चेहरे पाहिले तिनं आणि सरळ सुचितापाशी येऊन उभी राहिली.

"मोठीआई, आज हजेरीले कोणतं नाव म्हनू? भागवत का शालिग्राम?"

भागवतनंच तिला जवळ ओढलं आणि विचारलं, तुले कोणतं पाह्यजे? दुर्वानं जरा विचार केला.

"मले परीक्षेले बसू देईन ते," ती म्हणाली.

लेकराला कोणाची बाजू घ्यायची नव्हती. तिला परीक्षा हवी होती. सुचिता उठली. आतल्या खोलीत जाऊन तिनं शालू बाजूला केला आणि डबा काढला. त्यात दुर्वाच्या जावळाची पुडी होती, काजळाची डबी होती, लसीचं कार्ड होतं, पायातला एक तुटका वाळा होता आणि तळाशी चौघडी घातलेला दाखला. आईचे नाव, जयमाला. तिनं ते एकदा वाचलं. चार वर्षं तिनं ती घडी उघडली नव्हती.

बाहेर येताना तिनं ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. जे व्हायचं ते होऊ दे. ओसरीच्या मधोमध उभी राहून ती म्हणाली, "हा दाखला. तो मी..."

"सापडला का?" वामनराव खाटेवरून म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. कागद घेतला, चष्मा लावला, उगाच दोन्ही बाजूंनी पाहिला. "माह्या जुन्या कोटाच्या खिशात होता. परवा निंगाला त मीच तिच्याजवळ ठेवाले देला. सांगाचं राहून गेलं बुवा."

मग काय, वच्छलाबाईंना निमित्तच पाहिजे होतं. पन्नास वर्षांचा संसार आणि या माणसानं एक कागद कधी जागेवर ठेवला नाही, बैलबाजाराची पावती पोथीत सापडली होती आणि मोठ्याची सोयरीक जुळवायला गेले ते पत्रिका घरीच विसरून, असं सगळं त्यांनी एका दमात काढलं. वामनराव ऐकून घेत राहिले. सुचिताकडं त्यांनी पाहिलं नाही. तिला मात्र आठवलं. त्या दिवशी म्हातारा याच खाटेवर बसलेला, आणि या खाटेवरून आतल्या खोलीतला पेटीचा कोपरा थेट दिसतो. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि म्हणूनच त्यांनी गुरुजींना आईचं नाव सांगताना आधी तिच्याकडं पाहिलं होतं. तिला रडू फुटत होतं, पण सासऱ्यानं एवढं अंगावर घेतल्यावर तिथं रडणंही बरं दिसलं नसतं.

दुरुस्तीचा अर्ज लिहायचा होता. घरात अक्षर चांगलं भागवतचं. शालिग्राम म्हणाला, मी लिहितो ना दादा, पण भागवतनं कागद स्वतःपुढं ओढला. अर्जात दोन ओळी असतात, वडिलांचे चुकीचे नाव आणि वडिलांचे योग्य नाव. चुकीच्या नावापुढं त्यानं आपल्या वळणदार अक्षरात 'भागवत' लिहिलं, पेन थोडं थांबलं, मग योग्य नावापुढं 'शालिग्राम' लिहिलं, खाली आईचं नावही तसंच दुरुस्त केलं आणि कागद भावाकडं सरकवला. "कर सही," म्हणाला. "अन् तिकडं बाहेर डोळे पूस, तुह्या पोरीपुढं नको."

रडत शालिग्राम होता की तो, हे सांगणं अवघड होतं.

एक वाजता दोघी जावा शाळेकडं निघाल्या. जयमालेनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, घडीच्या खुणा त्यावर तशाच. रोज रानात पुढं चालणारी ही बाई आज सुचिताच्या मागं दोन पावलं चालत होती. वाटभर सुचिताच्या मनात वाक्य तयार होतं, पण तोंडापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. अर्ज आणि दाखला तिनं स्वतःच्या हातानं मॅडमना दिला. मॅडमनी तो वाचला, दोघींकडं पाहिलं आणि काही न विचारता फाइलीला लावला. मॅडम शहाण्या आहेत.

सभेला सतरंजी पुरली नाही. साखरेचं बोलावणं सकाळीच गेलं होतं ना. हजेरीचा कागद फिरत आला. त्यात एक रकाना असतो, पाल्याशी नाते. चार वर्षं सुचिता त्यात 'आई' लिहीत आली होती. कागद आज आधी जयमालेकडं गेला. तिनं हळूहळू अक्षरं जोडत 'आई' लिहिलं आणि कागद पुढं दिला. सुचितानं पेन हातात घेतलं, रकाना कोराच ठेवला आणि कागद अमीरबीकडं सरकवला.

मॅडमनी समितीचा विषय काढला आणि पाचवीच्या पालकांमधून नाव सुचवा म्हणाल्या. मागून चार-पाच आवाज एकदम आले, सुचिताबाई. तेव्हा सुचिता उठली. सभेत बोलायची तिला सवय, पण आज पदर दोनदा सावरला.

"माहं नाव लिहू नका," ती म्हणाली. "दुर्वाची आई जयमाला आहे. रजिस्टरात चुकून माहं लागलं होतं, ते आज दुरुस्त झालं. आता तिचं नाव घ्या. मी बोलावणं करत जाईन, त्याले नाव कायले लागते."

आणि खाली बसली. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. गावाला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि भर सभेत ऐकणं वेगळं. खिडकीबाहेर कुंपणाला टेकून भागवत उभा होता, तो खिडकीजवळ सरकला.

मग जयमाला उभी राहिली. कोणाला अपेक्षा नव्हती, तिला स्वतःलाही नसावी. खाली सतरंजीकडं पाहत ती बोलली.

"पोरगी माही आहे. पन पोरीची शाळा ताईले कळते, मले नाई कळत. मायबाप असून पोरगी तिनंच सांभाळली. त ती पालक व्हाले काय हरकत आहे, मॅडम? आम्ही दोघं नवराबायको लिहून देतो."

मॅडम म्हणाल्या, आईवडलांनी लेखी दिलं तर सांभाळणाऱ्या माणसाला समितीत घेता येतं. "मंग मी काय इथं आसमानातून पडली का?" अमीरबी म्हणाली. "मैं बी त आजीच हाय महनूरची. दोन साल झाले समितीत सही करून राह्यली." सभा हसली. जयमालेनं सुचिताचं नाव सुचवलं, अमीरबीनं दुजोरा दिला आणि हात वर झाले ते मोजायची गरज पडली नाही. अध्यक्षपदही त्याच झटक्यात सुचिताकडं आलं. जयमाला मात्र अजून उभीच होती.

"अजून काही?" मॅडमनी विचारलं.

"मलेबी एक वार द्या," ती म्हणाली. "खिचडी चाखाचा."

त्यावर सुचिता म्हणाली की माझा शुक्रवार घे, आणि आज शुक्रवारच आहे. हजेरीचा कागद अमीरबीकडून तिच्याकडं परत आला होता. कोऱ्या रकान्यात तिनं 'मोठी आई' लिहिलं. दुर्वा तिला तेच म्हणते, मग तेच लिहिलं.

सभेमुळं पोरांचं जेवण आज उशिरा होतं. दोघी स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या. खिचडी रांधणाऱ्या पुष्पाबाईंनी पातेल्यातून खिचडी ताटलीत काढून दिली, वही समोर ठेवली आणि त्या पोरांच्या रांगा लावायला बाहेर गेल्या. सुचिताला तेवढीच फट मिळाली.

"जयमाला, तो दाखला मामाजीच्या कोटात नव्हता."

जयमाला खिचडीवर फुंकर घालत होती. "माहीत आहे," ती म्हणाली.

सुचितानं दार लोटून घेतलं.

"डब्यात होता. तुमच्या शालूखाली," जयमाला म्हणाली. "लसीचं कार्डबी त्याच डब्यात राह्यते ना, ताई. पहिलीत गेली तेव्हा तिचा डोस राह्यला होता. तुम्ही वावरात होत्या, नर्सबाई दारात उभी. मीच उठून काढलं. दाखला वरच होता. मी खाली ठेवून देला."

"मंग बोलली काऊन नाई?"

जयमालेनं ताटली खाली ठेवली. "तुम्ही तिले पैल्या दिवशी शाळेत सोडून आल्या न माह्या अंथरुणापाशी बसल्या. कोणत्या बाकावर बसली, कोणाजवळ बसली, पाणी पेली का नाई, सगळं सांगत होत्या. मी तुमचं असं तोंड कधी पाह्यलं नव्हतं. मले वाटलं, राहू द्या काही दिवस."

"चार वर्षं राहू देलं तू."

"दिवसच होते," ती म्हणाली. "आता पोरीचं अडलं म्हनून बोलली. अन् खरं सांगू, माहंबी थोडसं अडलं होतं."

सुचितानं तिचा हात धरला. दोघी त्या धुरकट खोलीत तशाच उभ्या राहिल्या, बाहेर पोरं ताटल्या वाजवत होती. सुचिताला पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण जे म्हणायचं ते सगळं समोरच्या बाईला आधीच माहीत होतं. मग तिनं पेन उघडून जयमालेच्या हातात दिलं आणि वही पुढं केली.

इतकी वर्षं शुक्रवारच्या पानावर सुचिताचं एकच वाक्य होतं, चव चांगली आहे. जयमालेनं घास घेतला, नीट चावला, विचार केला आणि पहिल्याच दिवशी लिहिलं, मीठ कमी आहे. खाली सही केली.

"एवढं काई कमी नसन," सुचिता म्हणाली.

"चाखून पाहा तुम्हीच."

सुचितानं घास तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी केव्हाचं ओठांवर उतरलेलं होतं. तिला काही मीठ कमी लागलं नाही.